न गायलेला षड्ज

ध्वनिअभियंता केतकी हुल्याळकरची एक सवय सह्यवाणी रेडिओच्या सांगली केंद्रात सगळ्यांना ठाऊक होती. मैफलीचं थेट प्रक्षेपण चालू असलं की ती हेडफोनच्या एका कानात सभागृहातला कच्चा आवाज घ्यायची आणि दुसऱ्या कानात श्रोत्यांच्या घरी पोचणारा. दोन्हींत जरासं अंतर असे. नवख्या माणसाने तो हेडफोन लावला तर त्याला गरगरायला लागायचं. केतकीला मात्र वीस वर्षांच्या नोकरीत त्याची सवय झाली होती. ती म्हणायची, "स्वयंपाक करणाऱ्याने पातेल्यातलंही चाखावं आणि पानातलंही."

त्या रविवारच्या प्रभातसभेत कमलाक्षी ढवळीकर गायला बसल्या होत्या. गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर सहा वर्षांनी त्या पहिल्यांदाच लोकांसमोर गात होत्या. कृष्णरंग सभागृहात पायऱ्यांवरसुद्धा माणसं बसली होती. बाईंनी तोडी सुरू केली. आवाज खालच्या पट्टीत उतरला होता, कडेला थोडा फाटलाही होता, पण त्यांनी त्या फाटक्या कडेसकट सूर इतक्या सावकाश लावले की सभागृहातली चुळबुळ आपोआप थांबली.

अंतरा आला. बाई गंधारावरून धैवतावर, धैवतावरून निषादावर चढल्या. तोडीचा निषाद वरच्या षड्जाला इतका लगटून असतो की एकदा तिथवर गेलं की सगळ्यांचे कान त्या षड्जाकडे लागतात. बाई निषादावर थांबल्या. तो सूर त्यांनी हळूहळू बारीक करत नेला आणि गप्प झाल्या. डोळे मिटलेले, हात उचललेला. तबलजीनेही हात आवरला. दोन तंबोरे तेवढे वाजत राहिले.

केतकीच्या डाव्या कानात ती शांतता होती. सभागृहात श्वास घेतल्याचा आवाज नव्हता. आणि मग तिच्या उजव्या कानात, जो कान रेडिओ ऐकत होता, वरचा षड्ज लागला. भरदार, तेजस्वी, काठोकाठ. चाळिशीतल्या कमलाक्षी ढवळीकरांचा षड्ज.

केतकीने काचेतून रंगमंचाकडे पाहिलं. बाईंचे ओठ मिटलेले होते.

हे कसं घडलं ते समजायला 'निर्मळ' म्हणजे काय ते सांगायला हवं.

पूर्वी रेडिओ आवाज पाठवत असे. मैफलीत जे हवेत थरथरलं त्याची जमेल तितकी हुबेहूब नक्कल लहरींवरून घरापर्यंत जायची. पुढे लहरींवर गर्दी झाली. गाड्या, दवाखाने, शेतातले पंप, सगळेच एकमेकांशी बोलायला लागले आणि रेडिओच्या वाट्याला अगदी चिंचोळी वाट उरली. तेव्हा 'निर्मळ' आली. या यंत्रणेची कल्पना सोपी होती. पुरणपोळी टपालाने पाठवण्यापेक्षा तिची कृती पाठवावी, आणि प्रत्येक घरी ती तिथल्या तिथे भाजून घ्यावी. नव्या रेडिओ संचांमध्ये शेकडो गायकांचे आणि वाद्यांचे आवाज शिकवून ठेवलेले होते. त्या त्या कलावंताची आयुष्यभराची ध्वनिमुद्रणं ऐकून यंत्राने ते आत्मसात केले होते. मैफलीतून फक्त सूचना निघायच्या. अमुक सूर, इतका जोर, हा शब्द, एवढी मींड. घरचा संच त्या सूचनांवरून गाणं नव्याने घडवायचा.

ते गाणं मूळ मैफलीपेक्षा स्वच्छ असे. खोकला नाही, खुर्चीची करकर नाही, बाहेरच्या रिक्षा नाहीत. कुठे सूचना अडखळली, माइकपासून गायकाचं तोंड वळलं, तर तिथे काय असायची शक्यता सर्वांत जास्त आहे ते यंत्र आपल्या अभ्यासावरून ठरवायचं आणि ती फट बुजवायचं. लोक खूश होते. रेडिओवरचं शास्त्रीय संगीत इतकं सुंदर कधीच ऐकू आलं नव्हतं, असं सगळे म्हणायचे. केतकीही म्हणायची. त्या रविवारपर्यंत.

यंत्राच्या लेखी कमलाक्षी ढवळीकर तोडीच्या निषादावरून वर गेल्या की षड्ज येतोच. आयुष्यभर आला होता. या वेळी आला नाही, म्हणजे फट पडली. ती बुजवली गेली, इतकंच.

सभा संपताच केंद्रप्रमुख निहार बारटक्के नियंत्रण कक्षात आला. पस्तिशीचा, कामाला चोख माणूस. संगीतावर त्याचं खरंच प्रेम होतं.

"केतकीताई, संदेशांचा पाऊस पडतोय. बाईंचा आवाज परत आला म्हणून लोक रडतायत."

"परत आलेला नाही," केतकी म्हणाली. तिने त्याला दोन्ही ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ एक ऐकवली.

निहारने ती लक्ष देऊन ऐकली. "मग? यंत्राने आपलं काम केलं."

"बाई गायल्याच नाहीत तो सूर."

"लावता आला नाही त्यांना."

"लावायला गेल्याच नाहीत. तुम्ही सभागृहात असतात तर कळलं असतं."

"तेच म्हणतोय मी. सभागृहात चारशे माणसं होती. त्यांना बाईंचे मिटलेले डोळे दिसले, हात दिसला. घरी बसलेल्याला काय दिसणार? रेडिओवर इतका वेळ काही आलं नाही की माणूस उठून संच बडवतो. आणि मला सांगा, गाणाऱ्याचं म्हातारपण श्रोत्याच्या माथी कशाला मारायचं?"

केतकी मिरजेला घरी गेली.

घरी नाना होते. श्रीधर हुल्याळकर, केतकीचे वडील. तीस वर्षं त्यांनी कमलाक्षीबाईंना पेटीची साथ केली होती. कंबरेचं हाड मोडल्यापासून ते खिडकीजवळच्या पलंगावरच असत आणि रेडिओ हा त्यांचा सोबती होता. केतकी आत आली तेव्हा त्यांचा चेहरा कधी नव्हे तो उजळलेला होता.

"ऐकलास ना षड्ज?" ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले होते, गाणं विसरा. आणि बाईंनी काय लावला गं तो! चाळिशीत औंधच्या मैफलीत लावला होता तसा. मी इथे पडल्या पडल्या बोटं चालवली, बघ. पेटी नसताना साथ केली मी आज."

पांघरुणावर त्यांची बोटं अजून हलत होती. केतकीने त्यांना वरण-भात कालवून दिला. ते नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवले.

मंगळवारी कमलाक्षीबाईंचा फोन आला. "केतकी, वेळ असेल तर येऊन जा."

बाई मिरजेतच, तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीच्या मागे राहायच्या. दारातून आत गेल्यावर उजव्या हाताला गाण्याची खोली. बाईंनी केतकीला बसवलं, पाणी दिलं आणि सरळ विचारलं.

"परवाचं पुनःप्रक्षेपण ऐकलं मी. तो षड्ज कोण गायलं?"

केतकीने सांगितलं. निर्मळ म्हणजे काय, फट म्हणजे काय, सगळं. बाई शांतपणे ऐकत होत्या.

"म्हणजे मीच गायले, पण चाळिसाव्या वर्षी."

"तसंही नाही. त्या वेळीही तुम्ही हा नेमका षड्ज गायला नव्हतात. तुमच्या सगळ्या षड्जांची सरासरी काढून यंत्राने हा बनवलाय."

बाई हसल्या. मग आपल्या हातांकडे बघत बोलू लागल्या.

"ऑपरेशननंतर वर्षभर बोलता येत नव्हतं. मग आवाज आला, तो निषादापर्यंतच. वरचा सा लावायला गेले की फाटायचा. मी सोडला नाही हट्ट. रोज सकाळी त्याच्याशी भांडायचे. एक दिवस दमले. निषादावर थांबले आणि गप्प बसून राहिले. तंबोरा चालू होता. आणि मला सा ऐकू आला, केतकी. वरचा. जोडीच्या तारांतून तो निघतच असतो, आपल्या सगळ्यांना शिकवलेलं असतं ते. पण मी उभा जन्म त्याच्यावर आपला आवाज चढवत होते, त्यामुळे तो ऐकायची कधी वेळच आली नाही. त्या दिवसापासून मी तो गात नाही. मी त्याला वाट करून देते."

"सभागृहात ऐकू आला सगळ्यांना," केतकी म्हणाली.

"आणि जे सभागृहात नव्हते त्यांच्यापुढे माझीच जुनी साडी नेसवून दुसरीच कुणीतरी उभी केली." बाईंचा आवाज चढला नाही, पण धारदार झाला. "पुढच्या महिन्यात सभा आहे. तुमच्या साहेबांचा निरोप आलाय. म्हणतात, बाई, तुम्ही त्रास घेऊ नका, नुसतं गुणगुणलात तरी चालेल, बाकीचं आम्ही सांभाळू. मला मारून माझं गाणं जिवंत ठेवायचं म्हणतायत. मी गाईन. तीच तोडी गाईन, म्हणजे कुणाला शंका राहायला नको. पण मी जे गाईन तेच घराघरांत गेलं पाहिजे. जमेल तुला?"

जमण्यासारखी एक वाट होती.

निर्मळच्या सुरुवातीच्या चाचण्यांत एक गंमत झाली होती. सभागृहाच्या बागेतला मोर ओरडला आणि यंत्राला वाटलं, गायकाने तान घेतली. श्रोत्यांना मोराच्या केकेऐवजी एक अचाट तान ऐकू आली. तेव्हापासून यंत्रात एक सोय होती. समोरचा आवाज नेमका कुणाचा याची खात्री वाटेनाशी झाली की यंत्र अंदाज करणं बंद करायचं आणि 'थेट मार्ग' उघडायचं. त्या मार्गाने जुन्या पद्धतीप्रमाणे आवाज जसाच्या तसा जायचा. खात्री वाटायला यंत्राला प्रत्येक आवाज वेगळा लागे. म्हणून तर गायकाच्या तोंडाशी एक माइक, तबल्याला दोन, तंबोऱ्यांना, पेटीला वेगळे, असं माइकांचं जंगल रंगमंचावर उभं असायचं.

"ते सगळे माइक काढायचे," केतकी म्हणाली. "दोनच लावायचे. जवळजवळ, माणसाच्या दोन कानांसारखे, प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगलेले. त्यांत तुम्ही, तंबोरे, भिंतींवरून परत येणारा आवाज, लोकांचा श्वास, सगळं एकत्र कालवलेलं येईल. यंत्राला ते निवडता येणार नाही. ते हात टेकेल आणि थेट मार्ग उघडेल."

"आणि तुला काय होईल?"

"थेट मार्गाला लहरी जास्त लागतात. शेजारच्या वाहिन्यांचा आवाज घोगरा होईल. मुंबईच्या मुख्य कार्यालयातून फोन येतील."

"मी तुला काय होईल विचारलं."

"बघू," केतकी म्हणाली.

त्यापेक्षा अवघड काम घरी होतं. नानांना न सांगता हे करणं तिला पटत नव्हतं. तिने एका संध्याकाळी त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं.

नाना आधी गोंधळले. मग त्यांचा चेहरा बंद झाला.

"मी तीस वर्षं बाईंच्या डाव्या हाताला बसलोय. मला बाईंचा षड्ज ओळखता येत नाही म्हणतेस?"

"षड्ज त्यांचाच होता, नाना. पण त्या दिवशी त्या तो गायल्या नाहीत."

"मग मी काय ऐकलं?"

"यंत्राने बनवलेलं."

"बरं. बनवलेलं तर बनवलेलं." त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. "या खाटेवर माझ्याकडे दुसरं काय येतं गं? औषधं येतात, तू येतेस, आणि हा रेडिओ. त्यातून एक चांगली गोष्ट आली तर ती खोटी होती हे सांगायला तुझ्या जिवाला एवढी घाई का? तुमच्या शिक्षणात हेच शिकवतात का, म्हाताऱ्याच्या तोंडातला घास काढून तपासायचा?"

केतकीला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते तिला सांगता आलं नसतं. "उद्या मी नसताना माझ्या आवाजात कुणीतरी तुमच्याशी गोड बोलायला लागलं, तर चालेल तुम्हाला?"

त्यानंतर नाना तिच्याशी फक्त कामापुरतं बोलू लागले. पाणी दे. पडदा ओढ.

निहारला तिने सभेच्या आठवड्यात सांगितलं. चोरून काही करायचं नाही हे तिने आधीच ठरवलं होतं.

"म्हणजे तुम्ही यंत्राला मुद्दाम चकवणार," तो म्हणाला.

"चकवत नाहीये. मी नियमात बसणारे दोन माइक लावणार. त्यांतले आवाज ओळखता येत नाहीत म्हणायचं की नाही, ते यंत्राचं यंत्र ठरवेल."

"मी परवानगी देत नाही."

"परवानगी मागायला आले नाही, निहार. तुम्हाला ऐन वेळी धक्का बसू नये म्हणून सांगायला आले."

"मी दुसरा अभियंता पाठवीन."

"पाठवा. पण बाई त्याच्यासमोर गाणार नाहीत. त्यांनी तसं मला सांगितलंय, तुम्हालाही सांगतील."

निहार उठून खिडकीपाशी गेला. "ताई, मी काही तुमचा शत्रू नाही. तो क्रिकेटचा सामना आहे त्याच वेळी, शेजारच्या वाहिनीवर. त्याचं समालोचन घोगरं झालं तर मुंबई मला फाडून खाईल. माझ्या हातात एकच गोष्ट उरेल. प्रक्षेपण तोडणं."

"तोडा," केतकी म्हणाली. "पण का तोडलं ते निवेदिकेला खरं सांगू द्या. बाई जिवंत बसून गातायत आणि आम्हाला ते लोकांना ऐकवायचं नाही, असं सांगू द्या."

सभेच्या दिवशी सकाळी ती स्वतः शिडीवर चढली. पुढच्या रांगांच्या वर तिने माइकची जोडी टांगली, मग खाली उतरून निरनिराळ्या खुर्च्यांवर बसून पाहिलं, पुन्हा चढून जोडी थोडी खाली घेतली. बाईंनी तंबोरे छेडायला सांगितले. लाऊडस्पीकर बंद होते, बाईंना ते नकोच होते. रंगमंच मोकळा दिसत होता. बाई म्हणाल्या, "कितीतरी वर्षांनी मला लोकांचे चेहरे दिसतायत. एरवी त्या माइकांच्या काठ्याच."

सभा सुरू झाली. केतकीने हेडफोन चढवला. पहिल्या आलापाबरोबर निर्मळचा खात्रीचा काटा वर गेला, डगमगला, पुन्हा वर जायला बघू लागला. मग सभागृहात कुणीतरी खोकलं, दाद आली, छताकडून बाईंचा सूर परत आला आणि काटा पार खाली आडवा झाला. थेट मार्गाचा दिवा लागला. केतकीच्या दोन्ही कानांत एकच आवाज आला.

थोड्याच वेळात निहारचा फोन वाजला. तो कक्षाच्या दाराशी उभा राहून "हो सर", "बघतो सर" म्हणत होता. मग आत आला. प्रक्षेपण तोडायची कळ केतकीच्या टेबलाच्या टोकाला होती. तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला. केतकीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि कक्षातला स्पीकर मोठा केला. ती उठली नाही, त्याला अडवलंही नाही.

"समालोचन अगदीच चिरकतंय म्हणे," तो म्हणाला.

"असेल."

"श्रोत्यांचे फोन येतायत. विचारतायत, संच बिघडलाय का."

"अंतरा येतोय," केतकी म्हणाली. "तो ऐका आणि मग तोडा."

बाई गंधारावरून निघाल्या. फाटक्या, पिकलेल्या आवाजात धैवतावर गेल्या. निषाद लागला आणि बारीक होत होत तंबोऱ्यांत विरून गेला. सभागृह गप्प झालं. त्या गप्प होण्यालाही आवाज होता. शेकडो माणसं एका जागी श्वास धरून बसतात तेव्हा असतो तसा. आणि त्या आवाजातून, कुणीही न लावता, वरचा षड्ज झिरपत आला. आधी शंका यावी इतका बारीक. मग निःशंक.

निहारचा हात कळीवर होता. फोन दुसऱ्या हातात पुन्हा थरथरत होता. त्याने तो उचलला नाही. बाई परत खाली उतरून समेवर आल्या, सभागृहातून 'आहा' असा उद्गार उठला, आणि निहारने कळीवरचा हात काढून खिशात घातला.

"मला कळलं असं समजू नका," तो म्हणाला. "मला अजूनही वाटतं, लोकांना तो वरचा सूर हवा होता."

"वाटू दे."

"पण मध्येच तोडायचं नाही गाणं. एवढं मलाही शिकवलंय घरी." तो बाहेर गेला आणि फोनवर बोलत राहिला. सभा शेवटपर्यंत गेली.

केतकी दुपारी मिरजेला पोचली. नाना उशीला टेकून बसले होते. रेडिओ बंद होता. तिने चप्पल काढली, हातपाय धुतले. ती पाण्याचं भांडं घेऊन त्यांच्याजवळ आली.

"बाई म्हाताऱ्या झाल्या," नाना म्हणाले.

"हो."

"मला कुणी सांगितलंच नाही. मी आपला त्यांना औंधच्या वयात ठेवून होतो. म्हातारा फक्त मीच." त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. "फोन लाव त्यांना."

केतकीने फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. पलीकडचं तिलाही ऐकू येत होतं. सहा वर्षांत दोघं बोललेली नव्हती. बाई आजारी, नाना खाटेवर, आणि कुणी कुणाला काय विचारायचं, असं करता करता राहून गेलं होतं.

"बाई, श्रीधर बोलतोय. ऐकलं मी आज."

"कसं वाटलं?"

"मधेमधे त्रास झाला. आवाज फार गेलाय तुमचा."

"गेलाय," बाई म्हणाल्या.

"एक विचारायचं होतं. त्या निषादानंतर तुम्ही थांबलात, तिथे मी असतो आणि पेटीवर षड्ज धरला असता, तर चाललं असतं?"

बाई लगेच बोलल्या. "तुम्ही धरला नसतात, श्रीधरपंत. तुम्ही हात उचलला असतात."

नानांचे डोळे भरले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि बाईंनीही फोन ठेवला नाही. मग नाना म्हणाले, "हो. उचलला असता."

त्या रात्री ते केतकीशी नीट बोलले. मागचं काढलं नाही आणि माफीही मागितली नाही. फक्त म्हणाले, "मला तो आधीचाच आवडला होता, हे लपवणार नाही मी. पण त्याला साथ करता येत नाही गं. तो माझ्यासाठी थांबतच नव्हता."

सोमवारी मुंबईहून हुकूम आला. संध्याकाळच्या श्रोत्यांच्या कार्यक्रमात सांगायचं की कालच्या सभेत तांत्रिक बिघाड झाला, केंद्र दिलगीर आहे. आणि सांगायचं केतकीने, कारण कामावर ती होती. निहारने मान खाली घालून निरोप दिला. "दोन वाक्यं आहेत, ताई. बोलून टाका. विषय संपेल."

संध्याकाळी ती ध्वनिकक्षात निवेदिकेसमोर बसली. तक्रारी खूपच आल्या होत्या. लोकांनी विचारलं होतं, खोकला का ऐकू आला, आवाज म्हातारा का झाला, मधे गाणं बंद का पडलं. निवेदिकेने त्या वाचल्या आणि गोड आवाजात म्हणाली, "तर या बिघाडाबद्दल आपल्या ज्येष्ठ ध्वनिअभियंत्या काही सांगणार आहेत."

"बिघाड नव्हता," केतकी म्हणाली.

निवेदिकेने कागदावरून मान वर केली.

"काल तुम्ही ऐकलंत तो कमलाक्षी ढवळीकरांचा आजचा आवाज होता. त्या जिथे थांबल्या, तिथे त्या थांबल्याच होत्या. खोकला तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांचा होता. बिघाड झाला होता तो त्याच्या आदल्या महिन्यात. तेव्हा त्या गात नव्हत्या आणि आम्ही तुम्हाला त्यांचं गाणं ऐकवलं. दिलगिरी त्याची आहे. कालची नाही. काल जे आवडलं नसेल ते खुशाल आवडू नका, पण ते खरोखर घडलेलं आहे."

काचेपलीकडे कुणीतरी हातवारे करत होतं. निवेदिकेने घाईघाईने पुढचं गाणं लावलं.

आठवडा संपायच्या आत केतकीला थेट प्रक्षेपणावरून काढून जुन्या ध्वनिमुद्रणांच्या विभागात बसवलं. तिने तक्रार केली नाही आणि राजीनामाही दिला नाही. "काढायचं तर त्यांनी काढावं," ती नानांना म्हणाली, "मी त्यांचं काम सोपं करणार नाही." कार्यक्रमात ती जे बोलली ते लोकांनी एकमेकांना पाठवलं. काहींनी तिला उद्धट म्हटलं. कमलाक्षीबाईंनी जाहीर करून टाकलं की यापुढे जिथे दोनच माइक टांगलेले असतील तिथेच त्या गातील. लोक म्हणाले, म्हातारपणीचा हेका. मग धारवाडच्या एका तरुण सारंगीवादकाने तीच अट घातली. ज्याच्या आवाजाला काहीही झालेलं नव्हतं अशा एका गायकानेही घातली. त्याने कारण दिलं, "मी काल वेगळा गायलो होतो, हे मला रेडिओ ऐकणाऱ्या माझ्या बायकोला पटवून देता येईना."

उन्हाळ्याच्या तोंडाशी एके दिवशी जुन्या ध्वनिमुद्रणांच्या विभागातला फोन वाजला. पलीकडे निहार होता. मागे तंबोरे जुळवल्याचा आवाज येत होता.

"ताई, कृष्णरंगमध्येच आहे. आज धमार गाणारे एक बुवा आलेत, दोनच माइक हवेत म्हणतात, ऐकतच नाहीत. मुंबईने शेवटी हो म्हटलंय." तो घुटमळला. "ती माइकची जोडी तुम्ही किती उंचीवर टांगली होतीत?"

"माप सांगून उपयोग नाही," केतकी म्हणाली. "माणसं किती आलीत, आवाज कसा आहे, त्यावर असतं ते."

"मग कसं ठरवू?"

"शिडी बाजूला ठेवा. त्यांना गायला सांगा आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसा. डोळे मिटा. मी येते तोवर नुसतं ऐका."

तिने फोन ठेवला, पर्स उचलली आणि विभागाच्या दाराला कुलूप लावलं. कुणाची परवानगी घ्यायची ते तिने विचारलं नाही.